धूळ उडाली, पण गेली कुठे?

हा लेख वाचताना एक काम करा. कॉटवर उताणे पडा आणि वरच्या पंख्याकडे बघा. (अर्धे वाचक आधीपासून त्याच अवस्थेत असणार, त्यामुळे वेगळे कष्ट नाहीत!) पात्यांच्या कडेला काळी, मखमलीसारखी धूळ बसलेली दिसते ना? आता जरा हिशोब करू. पंखा १२०० मि.मी. चा, म्हणजे टोकाची त्रिज्या ०.६ मीटर. मिनिटाला ३०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजेच ताशी ६८ कि.मी. एवढ्या वेगाने रात्रंदिवस हवा कापूनसुद्धा ती धूळ जागची हलत नाही. उलट महिन्यागणिक वाढते.

मग प्रश्न असा, की नुसत्या हवेने धूळ निघते यावर आपला एवढा विश्वास का? वॉशिंग सेंटरवर गाडी घेऊन येणारा प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतो, "आतून जरा हवा मारा." आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम झालं की आपणही एअर गन उचलतो आणि हवा मारतो. फस्स... झालं साफ!

टी.ई. ची परीक्षा संपल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या तालुक्याच्या गावी एका वॉशिंग सेंटरवर सहा आठवडे काम केलं. काम एकच, गाड्या आतून साफ करणे. तिथे कॉम्प्रेसर होता, साध्या ब्लो गन होत्या आणि ती हल्ली सगळीकडे दिसणारी फनेलवाली फिरती गनही होती. फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मोमध्ये जे जर्नलपुरतं लिहिलं होतं, ते सगळं तिथे एका मारुतीच्या डॅशबोर्डवर भेटलं. तेच इथे सांगतो. पेपरात येईल याची खात्री नाही, पण व्हायव्हाला उपयोगी पडेल.

धूळ चिकटते तरी का?

आधी शत्रू ओळखू. धुळीच्या कणाला पृष्ठभागाशी धरून ठेवणारं मुख्य बल म्हणजे व्हॅन डर वाल्स बल. कण कोरडा, गोल आणि बारीक असेल तर हे बल त्याच्या व्यासाच्या प्रमाणात असतं. कणाचं वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे व्यास दहा पटींनी कमी झाला तर वजन हजार पटींनी घटतं, पण चिकटण्याचं बल फक्त दहा पटींनी. म्हणून वाळूचा खडा डॅशबोर्डवरून घरंगळतो आणि पिठासारखी धूळ उभ्या दरवाजालाही चिकटून राहते.

आता हवेची बाजू. भिंतीला अगदी लागून हवेचा वेग शून्य असतो, ही गोष्ट बाउंडरी लेयरच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर काढलेली आहे. भिंतीपासून दूर जावं तसा वेग वाढतो. बारीक कण या मंद थराच्या तळाशी दडून बसतो. त्याच्या उंचीवर वेग त्याच्या व्यासाच्या प्रमाणात, आणि स्टोक्सच्या नियमाने हवेची ओढ व्यास गुणिले वेग या प्रमाणात. एकूण ओढ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात झाली. चिकटणं व्यासाच्या प्रमाणात आणि ओढ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे कण जितका बारीक, तितका तो उडवायला अवघड! पंख्याच्या धुळीचं गुपित हेच. वरून हवा जोरात जाते, खाली धूळ निवांत बसलेली असते.

यातून पहिला धडा मिळतो. एअर गन जाड कचऱ्यासाठी उत्तम आहे. सीटच्या फटीतले शेंगदाणे, भडंगाचे चुरमुरे, बिस्किटाचा चुरा, वाळू, केस हे सगळं ती पटकन बाहेर काढते. पण अगदी बारीक थर काढायला ब्रश किंवा ओलसर फडकंच लागतं. आपल्याकडे म्हणतात ना, हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. इथे हात फिरवण्याला पर्याय नाही.

दाब किती, हवा किती?

सेंटरवर येणारा प्रत्येक जण कॉम्प्रेसरचा गेज बघून म्हणतो, "आठ बार आहे, भारी आहे!" पण नुसत्या दाबाने काम होत नाही, हवा पुरावी लागते. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॉझलच्या आधीचा निरपेक्ष दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.९ पट झाला, की छिद्रातला वेग ध्वनीच्या वेगाला जाऊन अडतो. यालाच आपण चोक्ड फ्लो म्हणतो. खोलीच्या तापमानाला तो वेग सेकंदाला साधारण ३१३ मीटर. गेजवर १ बार दिसत असला तरी निरपेक्ष दाब २ बार असतो, म्हणजे एवढ्यातच चोकिंग झालेलं असतं. त्यानंतर दाब वाढवला तर छिद्रातला वेग वाढत नाही, हवेची घनता वाढते आणि त्या प्रमाणात जास्त हवा खर्च होते.

२ मि.मी. व्यासाचं छिद्र घ्या. गेजवर ६ बार असताना सूत्राप्रमाणे त्यातून मिनिटाला सुमारे २६० लिटर हवा जाते (बाहेरच्या दाबाला मोजलेली). २ बारला हीच हवा ११० लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात डिस्चार्ज कोइफिशियंटमुळे दोन्ही आकडे थोडे कमी भरतात, पण अंदाजाला पुरेसे आहेत.

आता कॉम्प्रेसरकडे वळू. छोट्या सेंटरवर असतो तसा २ हॉर्सपॉवरचा, १०० लिटर टाकीचा घ्या. त्याची खरी फ्री एअर डिलिव्हरी मिनिटाला १५० लिटर धरू. (पाटीवर बहुधा याहून मोठा आकडा असतो, कारण तो पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी आपण प्रॅक्टिकलला काढली होती, आठवतंय का? की रीडिंग शेजारच्या बॅचकडून घेतलं होतं?) टाकी ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत १०० गुणिले ३ म्हणजे ३०० लिटर हवा मिळते. ६ बारने गन चालवली तर खर्च २६०, आवक १५०, तूट ११०. म्हणजे पावणेतीन मिनिटांत टाकी ५ बारवर येते, दाब पडतो आणि मशीन अखंड धापा टाकत राहतं. गन २ बारवर ठेवली तर खर्च ११०, आवक १५०. टाकी भरते आणि मशीनला विश्रांतीही मिळते.

दुसरी गोष्ट अंतराची. नॉझलमधून निघालेला झोत आजूबाजूची हवा ओढत पुढे जातो आणि मंदावतो. झोताच्या मध्यावरचा वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. आपल्या २ मि.मी. नॉझलला २ बार दिले तर १० से.मी. वर वेग राहतो ढोबळ ४० मीटर आणि ३० से.मी. वर १५ मीटरच्या आसपास, म्हणजे पंख्याच्या पात्यापेक्षाही कमी! लांब उभं राहून दाब वाढवण्यापेक्षा दाब कमी ठेवून गन जवळ न्यावी. वीज वाचते, कानही वाचतात.

हवेतलं पाणी

कॉम्प्रेसर हवेबरोबर बाष्पही आत घेतो. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प असतं. अशी ७ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केली तर बाष्प झालं जवळजवळ १५० ग्रॅम. पण ३० अंशाला एक घनमीटर जागेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावतं, दाब कितीही असो. उरलेल्या १२० ग्रॅमचं टाकीत पाणी होतं. आपला १५० लिटरवाला कॉम्प्रेसर तासभर चालला की ९ घनमीटर हवा घेतो आणि साधारण १५० ग्रॅम, म्हणजे फुलपात्रभर पाणी टाकीत सोडतो. दिवसभराचं किती होईल ते तुम्हीच काढा. आणि कोकणातला पावसाळा असेल तर विचारूच नका.

हे पाणी टाकीच्या तळाशी साठतं आणि आतून गंज धरतो. पत्रा पातळ होत जातो आणि बाहेरून रंग चकचकीत! १०० लिटरच्या टाकीत ८ बारला साठलेली ऊर्जा साधारण १०० किलोज्यूल भरते. एक टनाची गाडी ताशी ५० कि.मी. वेगाने धावताना तिच्यात जेवढी गतिज ऊर्जा असते, जवळपास तेवढी. म्हणून रोज संध्याकाळी खालचा ड्रेन कॉक उघडणं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का हे बघणं, ही दोन कामं टाळायची नाहीत.

पाण्याबरोबर तेलही येतं. न्यूमॅटिक्सच्या लॅबमध्ये आपण एफ.आर.एल. युनिट बघतो, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर. गाडी साफ करायला त्यातले पहिले दोनच घ्यायचे. लुब्रिकेटर हा हवेवर चालणाऱ्या पान्यासाठी आणि सिलिंडरसाठी असतो. ती लाइन ब्लो गनला जोडली तर प्रत्येक फवाऱ्याबरोबर सीटवर तेलाचे बारीक थेंब बसतात. लगेच दिसत नाहीत, पण आठ दिवसांनी त्यावर धूळ धरून काळे डाग उठतात आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

फिरती गन करते काय?

आता त्या फनेलवाल्या गनची गंमत. हिच्या आत एक बारीक लवचिक नळी असते. दाबाची हवा नळीच्या टोकातून बाहेर पडते आणि तिच्या प्रतिक्रियेने नळी मागे, बाजूला ढकलली जाते. बागेत पाणी मारताना पाईप हातातून सुटला की तो जसा सापासारखा वळवळतो, तसंच हे. फक्त इथे भोवती फनेल असल्यामुळे वळवळण्याऐवजी नळी फनेलच्या कडेने गरागरा फिरते. काही गनमध्ये नळीऐवजी बेअरिंगवर फिरणारा भाग असतो, पण तत्त्व तेच.

खाली बाटलीत साबणाचं पातळ द्रावण असतं. वेगाने जाणाऱ्या हवेमुळे कमी दाब तयार होतो आणि द्रावण वर ओढलं जाऊन तुषार होऊन बाहेर पडतं. कार्ब्युरेटर आठवा. बाटलीचा कॉक बंद केला की हीच गन कोरडी चालते.

फायदा काय? साध्या गनचा झोत एका जागी सरळ पडतो आणि थोड्या वेळात तिथला प्रवाह स्थिरावतो. फिरता झोत एका बिंदूवर क्षणात येतो, क्षणात जातो. कणाला एकदा इकडून धक्का, एकदा तिकडून. त्यात द्रावणाने मळ सैल झालेला. म्हणून सीटच्या विणीत, शिलाईत, स्टिअरिंगच्या दाणेदार कव्हरवर ही गन साध्या गनपेक्षा उजवी ठरते. मात्र तिला ६ बारच्या आसपास दाब आणि भरपूर हवा लागते. छोट्या कॉम्प्रेसरवर दोन मिनिटांनी ती नुसती फुरफुरते, आणि मग लोक गनला नावं ठेवतात.

आणखी एक. काही जण ही गन घाण शोषून घेते असं सांगतात. तसं काही नाही. ती घाण जागेवरून उठवते, बस. उठलेली ओली घाण त्याच क्षणी मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपली नाही, तर ती दोन बोटं पलीकडे जाऊन वाळते.

मामांचं उत्तर

सेंटरवर एक जुने कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. बारा-तेरा वर्षं त्यांनी हेच काम केलेलं. एकदा मी त्यांना सहज विचारलं, "मामा, एवढी धूळ उडते, ती जाते कुठे?" ते हसले आणि म्हणाले, "कुठं जाती म्हंजे? निम्मी परत शिटावर, निम्मी माझ्यात."

संपूर्ण लेखाचं सार या एका वाक्यात आहे. हवा घाण काढत नाही, फक्त हलवते. कुठे हलवायची हे आपण ठरवलं नाही, तर ती तिला सोयीच्या जागी जाते. डॅशबोर्डवरची धूळ मागच्या सीटवर, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर! आणि उरलेली काम करणाऱ्याच्या छातीत. मामा नाकाला रुमाल बांधायचे. पण रुमालाच्या विणीतून बारीक कण सहज आत जातात, आणि फुफ्फुसात खोलवर पोचतात ते नेमके हेच बारीक कण. गाडीतल्या धुळीत रस्त्याची माती असते, मातीत सिलिका असते, पावसाळ्यात बंद राहिलेल्या गाडीत बुरशीही असते. संध्याकाळी हातपाय धुताना मामांचा खोकला सुरू व्हायचा, तो चहा होईपर्यंत थांबायचा नाही. पगारात ही गोष्ट कुठेच धरलेली नव्हती.

आम्ही एक साधा प्रयोग केला. पांढरा ओला रुमाल मागच्या सीटवर पसरला आणि पुढचा डॅशबोर्ड नेहमीसारखा नुसत्या हवेने साफ केला. रुमाल मातकट झाला. दुसऱ्या तशाच धुळकट गाडीत एकाने गन धरली आणि दुसऱ्याने व्हॅक्यूमचं तोंड समोर चार बोटांवर धरलं, गनचा रोख सतत व्हॅक्यूमकडे. या वेळी रुमाल जवळपास पांढराच राहिला. मालकांनी दोन्ही रुमाल बघितले. त्या दिवसापासून हवा आणि व्हॅक्यूम जोडीने, आणि मामांना रुमालाऐवजी एन-९५ मास्क. खर्च वाढला तो एका माणसाच्या वेळेचा आणि मास्कचा. पण गाडी दुसऱ्यांदा पुसायची गरज कमी झाली.

प्रत्यक्ष काम: कळसापासून पायाकडे

क्रम महत्त्वाचा, म्हणून ओळीने देतो.

१) गाडी सावलीत उभी करा, चारही दरवाजे आणि डिक्की उघडा. बंद गाडीत हवा मारणं म्हणजे स्वतःला धुळीच्या डब्यात कोंडून घेणं.

२) मॅट बाहेर काढा, सुटा कचरा हाताने उचला आणि एकदा नुसता व्हॅक्यूम फिरवा. हवा त्यानंतर. दसऱ्याच्या पूजेनंतर आलेली गाडी असेल तर हा नियम अजिबात मोडू नका. डॅशबोर्डवर हळदकुंकू असतं, त्यावर हवा मारली की ते थेट छताच्या कापडावर जाऊन बसतं. ओलं झालं की हळदीचा डाग तर मुक्कामालाच आला!

३) मग वरून खाली या. डॅशबोर्ड, एसीच्या जाळ्या, दरवाजांचे खिसे, सीटच्या फटी, सीटचे रूळ आणि शेवटी फरशी. धूळ खाली पडणारच आहे, तेव्हा खालचं आधी करून उपयोग नाही.

४) कोरड्या हवेला रेग्युलेटर २ बारच्या वर नको. एका हातात गन, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम, किंवा दोघे मिळून. एसीच्या जाळीत हलक्या हाताने, तिरकी हवा द्या आणि मऊ ब्रश सोबत चालवा.

५) केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो बाहेर काढून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, लांबून आणि कमी दाबाने हवा द्या. जवळून जोरात मारली तर त्याचा कागद फाटतो. फार काळा असेल तर सरळ बदलायला सांगा.

६) फिरती गन ओल्या कामाला शेवटी. एका वेळी हातभर भाग, लगेच फडकं. काम झाल्यावर दरवाजे उघडे ठेवून सीट पूर्ण वाळू द्या, नाहीतर कुबट वास ठरलेला.

गन कुठे न्यायची नाही?

छताचं कापड फोमवर चिकटवलेलं असतं. उन्हाने तो गोंद आधीच दमलेला असतो. त्यावर जोराची हवा मारली की कापड सुटून लोंबतं, आणि ते पुन्हा पूर्वीसारखं बसत नाही. स्पीकरच्या जाळीवर झोत धरला तर आतला कागदी पडदा फाटू शकतो. मीटरच्या प्लॅस्टिक काचेवर वाळू असेल तर ती आधी हलक्या हवेने उडवावी, मग पुसावी. इथे मात्र हवा फडक्यापेक्षा बरी, कारण वाळूसकट पुसलं की ओरखडे पडतात.

सर्वांत महत्त्वाचं, सीटखाली बघा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगच्या यंत्रणेचे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे हे कनेक्टर आता साध्या गाडीतही भेटतात. तिथे जोराची हवा नको, पाणी तर मुळीच नको, आणि ओढाओढ नको.

थोडं आपल्या रूमवरचंही सांगतो. कॉम्प्युटर साफ करायला डब्यात मिळते ती 'हवा' खरं तर हवा नसते. तो दाबाखाली द्रव केलेला वायू असतो. डबा उलटा केला तर थंडगार द्रव बाहेर येतो आणि त्वचा भाजल्यासारखी होते. यातले काही वायू पेट घेतात, म्हणून बंद गाडीत किंवा सिगरेट-उदबत्तीजवळ तो वापरू नये, उन्हातल्या गाडीत विसरू नये.

माणसावर हवा मारायची नाही

आता गंभीर बोलतो. आपल्या वर्कशॉपमध्ये ॲप्रनवरचा बर आणि भुसा झटकायला सर्रास एअर गन वापरली जाते. मित्राच्या मानेवर, कानाशी फस्स करून दचकवणं ही तर नेहमीची गंमत. ही गंमत नाही.

दाबाची हवा डोळ्यात गेली तर सोबतचा बारीक धातूचा कण बुबुळात रुतू शकतो. कानाशी मारली तर पडदा फाटू शकतो. त्वचेवर जखम असेल तर हवा आत शिरते, आणि रक्तात पोचली तर जीव जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट, जी लाजेखातर कोणी बोलत नाही म्हणून मी लिहितो आहे. आपल्या देशातल्या कारखान्यांत मस्करीत सहकाऱ्याच्या गुदद्वाराशी हवेचा पाईप धरल्यामुळे आतडी फुटून माणसं मेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. पाईप आत घालावा लागत नाही. कपड्यावरूनही हवा आत जाते. आणि मोठं आतडं फुटायला एक बारसुद्धा लागत नाही, गेजवर सहा-आठ बार असतात! करणाऱ्याला वाटतं दोन सेकंदांची चेष्टा, समोरचा ऑपरेशन टेबलावर. कोणत्याही हॉस्टेलमध्ये, कोणत्याही 'इंट्रो'मध्ये, कोणीही हे हसण्यावारी नेऊ नये.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईसाठी हवेचा दाब ३० पी.एस.आय. पेक्षा कमी, म्हणजे साधारण २ बारच्या आत ठेवायला सांगितलं आहे, तोही उडणाऱ्या कणांपासून आडोसा आणि संरक्षक साधनं असतील तरच. हा दाब नॉझलचं तोंड बंद झालं असताना मोजायचा, म्हणून सुरक्षित नॉझलला बाजूने छिद्रं असतात. तोंड अंगावर टेकलं तरी हवा बाजूने निसटते. आपल्या गनला अशी छिद्रं आहेत का, हे पुढच्या प्रॅक्टिकलला जरूर बघा.

कानांचाही हिशोब आहे. दिवसाला आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही शिफारस केलेली मर्यादा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. एअर गनचा आवाज ९० च्या पुढे सहज जातो. चष्मा, मास्क आणि इअर प्लग ही त्रयी त्यासाठी. आणि ब्रेक ड्रममध्ये हवा मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुफ्फुसाला कायमची धरते. तिथे ओलं करून पुसणं हाच मार्ग.

शेवटचं

कॉम्प्रेस्ड एअर हे फार गुणी साधन आहे. बोट जात नाही तिथे ती जाते, पृष्ठभागाला न शिवता काम करते. पण ती आंधळी आहे. दाब किती, अंतर किती, रोख कुठे आणि समोर घाण पकडायला काय आहे, हे चार प्रश्न गन चालवणाऱ्यानेच विचारायचे असतात.

आपल्या वर्कशॉपसाठी एक सूचना करतो. प्रत्येक लेथजवळ एक हातब्रश टांगावा, एअर गनच्या लाइनवर २ बारला लावलेला रेग्युलेटर असावा, आणि कपडे झटकायला हवा वापरू नये असा बोर्ड मराठीत लावावा. तिन्हींचा मिळून खर्च फारसा नाही. आणि तुम्ही गाडी धुवायला द्याल तेव्हा "हवा मारा" एवढंच सांगू नका. "व्हॅक्यूम लावून हवा मारा" म्हणा, आणि मारणाऱ्याच्या तोंडाला मास्क आहे का तेवढं बघा.